मळमड्डीचा रविवार आणि एकच वाहिनी

धारवाडच्या रेल्वे स्टेशनाजवळची मळमड्डी ही शिक्षक, कारकून, वकील आणि पेन्शनरांची जुनी वस्ती. के. ई. बोर्डाची शाळा इथलीच. इथल्या मराठी घरांत स्वयंपाकघरात मराठी चालते, फाटकाबाहेर पाऊल पडले की कन्नड सुरू होते, आणि एका वाक्यात दोन्ही आल्या तरी कुणी थबकत नाही. १९५६ पर्यंत धारवाड मुंबई राज्यात होते. राज्याची हद्द सरकली, पण सोयरिकी मिरज-सांगलीला, पुण्या-मुंबईला तशाच राहिल्या. अशा या वस्तीला १९८० च्या दशकात दूरदर्शनचा रविवार मिळाला.

त्या दिवसाविषयी बोलताना बहुतेक जण रामायणाशी येऊन थांबतात. रस्ते कसे ओस पडत, शेजारपाजार एका खोलीत कसा दाटीवाटीने बसे, हे सारे खरेच आहे. पण त्या रविवारचा मोठेपणा एका मालिकेपुरता नव्हता. सकाळपासून रात्रीपर्यंत एकच वाहिनी चाले आणि तीत घरातल्या प्रत्येकासाठी काही ना काही असे. आपल्या वाट्याचे येईपर्यंत दुसऱ्याच्या वाट्याचे पाहावे लागे. या पाहण्यातून जे घडले त्याची किंमत आपण अजून नीट मांडलेली नाही.

सार्वजनिक प्रसारण म्हणजे काय, हे धारवाडला टीव्हीच्या आधीपासून ठाऊक होते. आकाशवाणीचे धारवाड केंद्र ८ जानेवारी १९५० रोजी सुरू झाले. कवी द. रा. बेंद्रे या केंद्राचे सल्लागार होते, तर पंडित मल्लिकार्जुन मन्सूर संगीत सल्लागार. बेंद्र्यांची घरची भाषा मराठी आणि कवितेची कन्नड. मन्सुरांची घरची भाषा कन्नड, आणि त्यांच्या गळ्यातून मराठी नाट्यपदे तितक्याच सहजतेने येत. या गावात भाषा बदलली म्हणून कुणी रेडिओ बंद करीत नसे.

चित्र मात्र उशिरा आले. १९७५-७६ मध्ये एटीएस-६ उपग्रहाच्या मदतीने देशातल्या सुमारे २४०० खेड्यांत टीव्हीचा प्रयोग झाला, तेव्हा कर्नाटकातून विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हे निवडले गेले. धारवाड त्यात नव्हते. १ एप्रिल १९७६ रोजी दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले, १९८१ मध्ये बंगळूरचे केंद्र सुरू झाले, आणि १५ ऑगस्ट १९८२ पासून रंगीत चित्र व दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. खरा पालट मात्र इन्सॅट-१बी या उपग्रहाने घडवला. तो १९८३ च्या ऑगस्टअखेर अवकाशात गेला आणि १९८४ मध्ये देशभर कमी शक्तीचे प्रक्षेपक भराभर उभे राहिले. त्या वर्षी काही महिने तर जवळजवळ रोज एक प्रक्षेपक सुरू होत होता.

या यंत्रणेची रचना साधी होती. दिल्लीहून कार्यक्रम उपग्रहाकडे जाई, गावातली मोठी तबकडी तो झेले आणि लहानसा प्रक्षेपक आसपासच्या काही किलोमीटरांत पुन्हा सोडे. घराच्या कौलांवर किंवा गच्चीवर लोखंडी नळीला बांधलेला ॲल्युमिनियमचा अँटेना, त्यापासून खाली उतरलेली चपटी वायर, आणि लाकडी शटरच्या पेटीतला संच. वाऱ्याने अँटेना फिरला की एक जण वर चढे, एक दारात उभा राही, एक पडद्यासमोर बसे, आणि ‘आलं, आलं, आता हलवू नको’ असा निरोप तिघांतून वर पोचे. या छोट्या प्रक्षेपकांचा भर दिल्लीच्या कार्यक्रमावर होता. मुंबई केंद्राचा ‘गजरा’ किंवा ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ महाराष्ट्रातल्या नातेवाइकांच्या बोलण्यातून मळमड्डीला कळे. घरच्या पडद्यावर ते येत नसत. सीमेवरच्या मराठी माणसाला दूरदर्शन भेटले ते हिंदीतून.

आणि तरी त्या हिंदीत ओळखीची माणसे निघत. २५ जानेवारी १९८७ रोजी, एका रविवारी, रामानंद सागर यांचे ‘रामायण’ सुरू झाले. ७८ भागांनंतर ३१ जुलै १९८८ रोजी ते संपले, तोही रविवारच. त्यातली कौसल्या म्हणजे जयश्री गडकर. मराठी पडद्याची ही लाडकी नायिका मूळची कारवारकडची, सदाशिवगडाजवळच्या कणसगिरीची. दशरथ झालेले बाळ धुरी हे त्यांचे पती. २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९० या काळात बी. आर. चोप्रा यांचे ‘महाभारत’ ९४ भागांत आले. राही मासूम रझा यांनी त्याचे संवाद लिहिले आणि नितीश भारद्वाज या मराठी तरुणाने कृष्ण साकारला. ज्या आजीला हिंदी समजत नव्हते तिला कथा पाठ होती. नातवाला कथा ठाऊक नव्हती, पण हिंदी शाळेत शिकवत होते. दोघे एकमेकांना सांगत सांगत पाहत.

रविवार तिथे संपत नसे. श्याम बेनेगल यांची ५३ भागांची ‘भारत एक खोज’ याच काळातली. नेहरूंच्या ग्रंथावरच्या या मालिकेत ऋग्वेदातल्या सूक्ताला हिंदी रूप दिले ते वसंत देव यांनी, आणि शिवाजी महाराजांच्या भूमिकेत नसीरुद्दीन शाह होते. ज्यांना निव्वळ पौराणिक कथा हवी होती त्यांच्यासमोरही इतिहासाचे प्रश्न आले, आणि पहिल्या कथेसाठी लावलेला संच पुढेही चालूच राहिला. मुलांसाठी कधी ‘विक्रम और बेताल’, पुढे १९९३ मध्ये ‘जंगल बुक’. जपानी चित्रे, गुलजार यांचे शब्द आणि शेरखानाला नाना पाटेकरांचा आवाज! नंतर ‘चंद्रकांता’ आली, ‘शक्तिमान’ आला. १९९० पासूनच्या ‘सुरभि’मध्ये सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे देशाच्या कानाकोपऱ्यांतल्या कला आणि कारागिरी घरात आणत. ‘सुरभि’तल्या प्रश्नांना पोस्टकार्डांवर इतकी उत्तरे येत की पुढे टपाल खात्याने स्पर्धांसाठी वेगळे, महाग पोस्टकार्ड काढले.

मला सर्वांत मोलाची वाटते ती दुपार. जेवणे आटोपून घर सुस्तावलेले असताना बहिऱ्या प्रेक्षकांसाठीच्या बातम्या लागत. निवेदिका बोटांनी, चेहऱ्याने आणि ओठांनी बोले. ज्यांच्या घरात कुणी बहिरे नव्हते त्यांनीही त्या खुणा पाहिल्या, मुलांनी त्यांची नक्कल केली, आणि आपल्यासारखेच बातमीची वाट पाहणारे एक वेगळे जग आहे हे कुणी न शिकवता कळले. त्यानंतर प्रादेशिक भाषेतला चित्रपट येई, बहुधा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला आणि खाली इंग्रजी अक्षरे असलेला. एका रविवारी बंगाली, एका रविवारी मल्याळम, कधी आसामी, कधी ओडिया. मळमड्डीच्या मराठी घराला पडद्यावर आपली भाषा भेटण्याची हक्काची वेळ ती हीच, मराठीची पाळी आली की. शेजारचे कन्नड घर त्या दिवशी सोबत बसे, आणि कन्नड चित्रपटाच्या दिवशी मराठी घर तिकडे जाई. भाषेची पाळी येते आणि जाते, हे ज्या समाजाने रविवारी दुपारी अनुभवले, त्याला परकी भाषा ही धमकी वाटणे अवघड आहे. १९८० च्या दशकात महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न आणि कन्नडला शिक्षणात अग्रस्थान मागणारे गोकाक आंदोलन यांनी हा भाग ढवळून निघाला होता. त्याच वर्षांत ही दुपार निमूटपणे आपले काम करीत होती.

१५ ऑगस्ट १९८८ रोजी ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ पहिल्यांदा लागले आणि नंतर ते कार्यक्रमांच्या मधल्या जागेत वारंवार येत राहिले. त्याचा पहिला सूर पंडित भीमसेन जोशींचा. तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यात जन्मलेला, पुण्यात स्थिरावलेला, कन्नड दासांची पदे आणि मराठी अभंग एकाच निष्ठेने गाणारा हा माणूस. देशाला ते गीत एकतेचा संदेश वाटले. मळमड्डीला तो आपला रोजचा अनुभव वाटला.

मग वाहिन्या वाढल्या. १९९० च्या दशकात केबल आली. दूरदर्शननेही १९९४ पासून भाषावार उपग्रह वाहिन्या दिल्या. त्यांतूनच कन्नडची ‘चंदना’ आणि मराठीची ‘सह्याद्री’ घडली. मळमड्डीला अखेर मराठी बातम्या आणि मराठी मालिका घरबसल्या मिळाल्या. हा मोठा लाभ होता, त्याला कमी लेखता येणार नाही. पण त्याच क्षणी घरे आपापल्या भाषेत विभागली गेली. शेजारच्या दोन घरांत एकाच वेळी दोन वेगळे रविवार सुरू झाले, आणि पुढे मोबाइलमुळे एका घरातही तेच झाले. २८ मार्च २०२० पासून टाळेबंदीत ‘रामायण’ पुन्हा दाखवले गेले तेव्हा प्रेक्षक प्रचंड संख्येने परतले, पण परत आली ती मालिका. तो दिवस नाही. जमिनीवरचे जुने ॲनालॉग प्रक्षेपकही २०२२ पर्यंत जवळपास सगळे बंद झाले.

एकच वाहिनी असण्याचे दोषही होते. ती सरकारच्या ताब्यात होती, सत्ताधाऱ्यांना न रुचणारे तिथे सहज येत नसे. म्हणूनच स्वायत्ततेसाठी कायदा झाला आणि १९९७ मध्ये प्रसार भारती अस्तित्वात आली. तो एकाधिकार परत यावा असे कुणीच म्हणणार नाही. परत यावी ती त्या रविवारमागची नीती: प्रेक्षकाला जे आवडते ते द्यायचे आणि त्याच्या शेजाऱ्याला जे आवडते तेही त्याच्यासमोर ठेवायचे. खासगी वाहिनीला हे परवडत नाही, कारण तिला पहिल्याच मिनिटाला प्रेक्षक गमावण्याची भीती असते. मोबाइलवरची शिफारस तर कालच्या आवडीवरूनच आजचे सुचवते. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेने वेगळे वागावे, यासाठीच तिला सार्वजनिक पैसा दिला जातो.

मागणी फार मोठी नाही. रविवारी दुपारी ‘सह्याद्री’ने मराठी अक्षरांसह एक कन्नड चित्रपट दाखवावा, ‘चंदना’ने कन्नड अक्षरांसह एक मराठी. खुणांच्या भाषेतील बातम्या वेगळ्या कप्प्यात न ठेवता सर्वांच्या वेळेत आणाव्यात. धारवाड, बेळगाव, कारवार, सोलापूर इथले गायन, नाटक आणि बोली दोन्ही वाहिन्यांवर फिरावी. हे सगळे करायला संग्रह आहे, कलाकार आहेत, यंत्रणा आहे. इथला प्रेक्षक तयारच आहे; दोन भाषांत जगण्याचा सराव त्याने कधी सोडलेला नाही.

दूरदर्शनने एकेकाळी हा सराव देशभर वाढवला होता. ते काम त्याने पुन्हा हाती घ्यावे, आणि सुरुवात सीमेवरच्या गावांपासून करावी, कारण त्याची गरज आणि त्याचे फळ दोन्ही इथे सर्वांत आधी दिसतील.