जनुकांचे तळे आणि आपला हक्क

महाडचे चवदार तळे नगरपालिकेचे होते. १९२४ सालीच नगरपालिकेने ते सर्वांना खुले केल्याचे जाहीर केले होते. तरीही त्याचे पाणी प्यायला बाबासाहेबांना २० मार्च १९२७ रोजी हजारो लोकांसह चालत जावे लागले. ठराव आपल्या बाजूने असला म्हणजे पाणी ओंजळीत येत नाही, हे आपल्या समाजाइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

आज विज्ञानाच्या क्षेत्रात असेच एक खुले तळे आहे आणि त्याच्या काठावर आपली माणसे फारशी दिसत नाहीत. हे तळे म्हणजे जनुकीय माहितीची इंटरनेटवरील भांडारे. माणसाचा डीएनए सुमारे ३०० कोटी अक्षरांचा आणि अक्षरे फक्त चार. संशोधकांनी वाचलेला हा मजकूर साठवण्यासाठी १९८२ साली अमेरिकेत 'जेनबँक' सुरू झाली. अमेरिका, युरोप आणि जपान येथील तीन भांडारे रोज एकमेकांशी माहितीची देवाणघेवाण करतात. या भांडारात शोध घेण्यासाठी १९९० साली 'ब्लास्ट' हे साधन तयार झाले. आपल्याजवळचा मजकूर त्यात टाकला की जगात तो कशाशी जुळतो आणि ती जुळणी निव्वळ योगायोग असण्याची शक्यता किती, हे ते सांगते. त्यासाठी पैसे लागत नाहीत, जातीचा दाखलाही लागत नाही.

याचा आपल्या वस्तीशी काय संबंध, असे कोणी विचारील. विदर्भातील आदिवासी आणि बौद्ध वस्त्यांमध्ये सिकलसेल हा शब्द लहान मुलालाही माहीत आहे. हिमोग्लोबिनच्या एका जनुकात 'ए' या अक्षराच्या जागी 'टी' आला, एवढ्याने हा आजार होतो. नागपूरच्या एखाद्या महाविद्यालयातील आपली विद्यार्थिनी हे एक अक्षर स्वतः संगणकावर पाहू शकते. हा बदल कोणाच्या पापाचा वा हलक्या रक्ताचा नाही. मलेरियाच्या प्रदेशात तो एका पालकाकडूनच मिळालेल्या मुलांना मलेरियापासून संरक्षण मिळाले, म्हणून तो टिकला. हे समजलेली मुलगी वस्तीत जाऊन बोलेल तेव्हा कलंकाची भाषा आपोआप बंद पडेल.

हे तळे कोणी दान म्हणून दिलेले नाही. १९९६ साली बर्म्युडा येथे जमलेल्या शास्त्रज्ञांनी ठरवले, की मानवी जनुकांचा वाचलेला मजकूर चोवीस तासांत जाहीर करायचा. पुढे सेलेरा ही खासगी कंपनी स्पर्धेत उतरली आणि या ज्ञानाला कुंपण पडण्याची भीती निर्माण झाली. तेव्हा कॅलिफोर्नियातील सांताक्रूझच्या जिम केंट या संशोधक विद्यार्थ्याने महिनाभर रात्रंदिवस खपून सार्वजनिक प्रकल्पाचे तुकडे जोडणारी संगणक-आज्ञावली लिहिली. ७ जुलै २००० रोजी तो जोडलेला मजकूर साऱ्या जगासाठी इंटरनेटवर आला. पेटंटचे कुंपण मात्र बाकीच होते. मिरियड या कंपनीने स्तन आणि बीजकोशाच्या कर्करोगाशी संबंधित दोन जनुकांवर पेटंट घेतले होते. १३ जून २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की निसर्गात आहे तसा डीएनए वेगळा काढला म्हणून त्यावर पेटंट मिळणार नाही. आम्ही वकील म्हणून या निकालाकडे पाहतो तेव्हा महाडचाच न्याय आठवतो. जे सर्वांचे आहे त्याला कोणी दार लावू नये.

आता थोडे आपल्या घरातले बोलू. २००१ साली आंध्र प्रदेशातील नमुन्यांवर आधारित एक संशोधन प्रसिद्ध झाले. वरच्या जातींतील पुरुषांचे पितृवंशीय जनुक युरोपीयांना अधिक जवळचे, असा त्याचा एक निष्कर्ष होता. आपल्या व्यासपीठांवरून तेव्हापासून सांगितले जाऊ लागले, की ब्राह्मण परकीय आहेत हे डीएनएने सिद्ध झाले. टाळ्या पडल्या. पण पुढचे संशोधन कोणी वाचले? हैदराबादच्या सीसीएमबीतील आणि हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी २००९ आणि २०१३ साली जे मांडले ते वेगळे आहे. भारतातील जवळजवळ सर्वच समूह मिश्र आहेत. हे मिश्रण सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात झाले आणि नंतर जातीबाहेरचे विवाह बंद होत गेले.

बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात हेच ओळखले होते. जातीचे मर्म रक्तात नसून जातीतल्या जातीत लग्न लावण्याच्या सक्तीत आहे. १९४८ साली अस्पृश्यांवरील ग्रंथात त्यांनी नाकाच्या मोजमापांची आकडेवारी तपासून अस्पृश्य आणि ब्राह्मण हे वेगळे वंश असल्याची कल्पना नाकारली. भगवान बुद्धांनी वासेट्ठ सुत्तात गवत, कीटक, पशुपक्षी यांच्यात जन्मजात भेद दाखवून माणसामाणसांत तसा भेद नाही हे समजावले. मग आपण वंशाच्या वखारीत कशासाठी शिरायचे? आमचा हक्क आम्ही पहिले रहिवासी आहोत म्हणून नाही, आम्ही माणसे आहोत म्हणून आहे. मनुवादाला रक्ताच्या शुद्धीचा आधार लागतो, आपल्याला लागत नाही. आणि कालाम सुत्ताचा वारसा सांगणाऱ्यांनी तर व्यासपीठावरच्या वाक्यापेक्षा खुल्या भांडारातील पुरावा तपासायला हवा.

पण तळे खुले असावे म्हणताना त्यातले पाणी कोठून येते हेही विचारले पाहिजे. ते आपल्या रक्तातून येते. अमेरिकेतील हवासुपाई या आदिवासी जमातीने १९९०च्या दशकात मधुमेहाच्या संशोधनासाठी रक्त दिले. तेच रक्त पुढे मानसिक आजार आणि स्थलांतराच्या अभ्यासासाठी वापरले गेले. ते न्यायालयात गेले आणि २०१० साली ॲरिझोना राज्य विद्यापीठाला सात लाख डॉलर भरपाई देऊन उरलेले रक्त परत करावे लागले.

आपल्याकडे जानेवारी २०२५ मध्ये सुमारे दहा हजार भारतीयांची जनुकीय माहिती फरिदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्रातून, नियमांच्या अधीन राहून, संशोधकांना उपलब्ध करण्यात आली. याचे आम्ही स्वागतच करतो. पण कायद्याचे संरक्षण किती? २०१९च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण विधेयकात जनुकीय माहिती आणि जात-जमात यांना 'संवेदनशील' असा वेगळा दर्जा होता. २०२३ साली झालेल्या कायद्यात तो वर्गच राहिला नाही, उलट संशोधनासाठी सवलत आहे. नाव पुसले तरी जमातीचे नाव उरते आणि बदनामी होते तेव्हा ती अख्ख्या जमातीची होते.

म्हणून आमच्या तीन मागण्या आहेत. रक्त घेण्यापूर्वी संमतीपत्र त्या माणसाच्या बोलीत वाचून दाखवावे आणि दुसऱ्या कामासाठी ते वापरायचे असल्यास पुन्हा विचारावे. ज्या समाजाचे नमुने घेतले त्याचे प्रतिनिधी माहिती वाटपाच्या समितीत असावेत. जनुकीय माहितीला कायद्यात वेगळे संरक्षण मिळावे.

सरकारकडे मागायचे ते हे. स्वतःकडे मागायचे ते सोपे आहे. बाबासाहेबांनी उभारलेल्या सिद्धार्थ आणि मिलिंद महाविद्यालयांपासून गावच्या विहारापर्यंत जिथे एक संगणक आहे, तिथे जीवशास्त्र शिकलेल्या आपल्या मुलामुलींनी आठवड्यातून एक संध्याकाळ ही भांडारे उघडून बसावे आणि इतरांना शिकवावे. महाडला वाट तुडवावी लागली होती, लाठ्या खाव्या लागल्या होत्या. इथे फक्त बसायचे आहे आणि वाचायचे आहे.

जयभीम!