'नैसर्गिक' गोळी आणि स्वस्त गोळी

औषधांविषयी अर्थशास्त्राच्या अध्यापकाने लिहावे, हे काही वाचकांना अधिकाराबाहेरचे वाटण्याचा संभव आहे. कोणत्या रोग्याने कोणती गोळी घ्यावी हे सांगण्याचा अधिकार डॉक्टरांचाच आहे आणि त्यात ढवळाढवळ करण्याचा येथे हेतू नाही. परंतु जी वस्तू घेणाऱ्याला तिची पारख करता येत नाही, आणि जी एकदा सुरू झाली की बहुधा जन्मभर घ्यावी लागते, तिचा बाजार हा अर्थशास्त्राचा विषय निश्चितच ठरतो. थायरॉइडची गोळी ही अशीच वस्तू आहे. मुंबईसह देशातील ८ शहरांत ५,३७६ प्रौढांची तपासणी करून २०१३ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांत सुमारे ११ टक्के लोकांत या ग्रंथीचे कार्य मंदावल्याचे आढळले होते. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या पट्ट्यात ज्याच्या नात्यात वा शेजारात ही गोळी घेणारे कोणीच नाही, असे घर शोधूनच काढावे लागेल.

अलीकडे या घरांतून एक नवा प्रश्न ऐकू येतो. आपल्याकडे मिळणारी गोळी 'रासायनिक' आहे. परदेशात मात्र प्राण्याच्या ग्रंथीपासून केलेली 'नैसर्गिक' गोळी मिळते. तिने थकवा जातो, वजन उतरते, केस गळायचे थांबतात. मग आपले डॉक्टर ती का देत नाहीत? अमेरिकेहून येणाऱ्या आप्ताला ती आणावयास सांगावी काय, अशीही विचारणा होते. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो विचारणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत, आणि त्यांच्या तक्रारी खऱ्या आहेत.

खाटीकखान्यातून औषधालयात

या तथाकथित नैसर्गिक गोळीचा इतिहास सन्माननीय आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. १८९१ मध्ये जॉर्ज मरे या इंग्रज वैद्याने मेंढीच्या अवटू ग्रंथीचा अर्क एका रुग्ण स्त्रीला टोचला. तोपर्यंत ज्या व्याधीवर उपाय नव्हता, त्या व्याधीतून ती बाई उठली आणि पुढे २८ वर्षे जगली. लवकरच ग्रंथी वाळवून, तिची भुकटी करून ती पोटात देता येते असे दिसून आले. शिकागोच्या आर्मर कंपनीसारख्या मांसविक्रीच्या प्रचंड उद्योगांना त्यात एक नवे जोडउत्पादन सापडले. मांसासाठी मारलेल्या डुकरांच्या ज्या ग्रंथी एरवी टाकून द्यावयाच्या, त्यांची गोळी होऊ लागली. म्हणजे ही गोळी अरण्यातील ऋषींच्या आश्रमातून आलेली नसून तीही कारखान्याचेच अपत्य आहे. ती बव्हंशी डुकराच्या ग्रंथीची असते, ही गोष्ट आपल्याकडील शाकाहारी व मुसलमान कुटुंबांना 'नैसर्गिक' या गोड शब्दाआड सहसा कळत नाही. ती त्यांना कळली पाहिजे.

दुसरीकडे, ज्या गोळीला आपण रासायनिक म्हणून नाक मुरडतो, तिची कथा काय? १९१४ च्या नाताळात केंडॉल यांनी अमेरिकेत या ग्रंथीतील थायरॉक्सिन हे संप्रेरक शुद्ध स्वरूपात वेगळे केले. १९२६ मध्ये हॅरिंग्टन यांनी त्याची रचना उलगडली आणि पुढच्याच वर्षी बार्जर यांच्यासह ते प्रयोगशाळेत तयार केले. आज बाटलीत मिळते ते लिव्होथायरॉक्सिन आणि आपल्या गळ्यातील ग्रंथी तयार करते ते थायरॉक्सिन, यांच्या रेणूत काडीचाही फरक नाही. माणसाच्या शरीराला 'नैसर्गिक' काय, असा प्रश्न काटेकोरपणे विचारला, तर उत्तर या कृत्रिम गोळीच्या बाजूने जाण्याचाच संभव अधिक.

प्रमाणाचा प्रश्न

वाळवलेल्या ग्रंथीच्या समर्थकांचा एक मुद्दा मात्र विचारार्ह आहे. ग्रंथीतून दोन संप्रेरके स्रवतात. संक्षेपाने त्यांना टी-४ आणि टी-३ म्हणतात. टी-४ हा साठा आहे, तर टी-३ हे प्रत्यक्ष काम करणारे द्रव्य. त्याचा शोध १९५२ मध्ये लागला. कृत्रिम गोळीत केवळ टी-४ असते, ग्रंथीच्या गोळीत दोन्ही असतात. तेव्हा दुसरी गोळी अधिक पूर्ण नव्हे काय? या युक्तिवादाला १९७० मध्ये उत्तर मिळाले. ज्यांच्या शरीरात ग्रंथी उरलीच नव्हती, अशांना केवळ टी-४ दिले असता त्यांच्या रक्तात टी-३ आढळले. शरीर आपल्या गरजेनुसार साठ्यातून खर्चाचे नाणे पाडून घेते, हे त्यावरून सिद्ध झाले.

शिवाय डुकराची ग्रंथी माणसासाठी घडलेली नाही. माणसाच्या ग्रंथीतून टी-३ च्या सुमारे चौदा पट टी-४ स्रवते. वाळवलेल्या ग्रंथीच्या एका ग्रेनच्या गोळीत ३८ मायक्रोग्रॅम टी-४ आणि ९ मायक्रोग्रॅम टी-३ असते, म्हणजे प्रमाण जेमतेम चारास एक. टी-४ चे रक्तातील प्रमाण निम्मे होण्यास सुमारे आठवडा लागतो. टी-३ ला एक दिवस पुरतो. म्हणून ही गोळी घेतल्यावर काही तास टी-३ ची भरती येते आणि मग ओहोटी लागते. सुरुवातीस वाटणारी हुशारी काही अंशी या भरतीची असू शकते. वृद्धांत याच भरतीमुळे छातीची धडधड वाढते, आणि अतिरेक चालूच राहिला तर हाडे ठिसूळ होतात. गर्भवती स्त्रीच्या बाबतीत तर धोका अधिक स्पष्ट आहे: गर्भाच्या मेंदूला आईच्या टी-४ ची गरज असते, आणि तेच या गोळीत तुलनेने कमी पडते. म्हणूनच अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१७ च्या मार्गदर्शनात गर्भारपणी ही गोळी नको असे सांगितले आहे.

गुणवत्तेचा प्रश्नही आहेच. प्राण्यागणिक ग्रंथी बदलते. २०२० मध्ये अमेरिकेत या प्रकारच्या काही औषधांचे साठे बाजारातून परत घ्यावे लागले. काहींत द्रव्य कमी भरले, काहींत जास्त. तेथील औषध प्रशासनाने या गोळ्यांना रीतसर मान्यता कधीच दिलेली नव्हती. त्या केवळ जुन्या वहिवाटीने विकल्या जात होत्या, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये प्रशासनाने उत्पादकांना तशी जाणीवही करून दिली.

दुसऱ्या पारड्यातील पापे

याचा अर्थ कृत्रिम गोळीचे उत्पादक धुतल्या तांदळासारखे आहेत, असा नव्हे. १९९७ पर्यंत अमेरिकेत लिव्होथायरॉक्सिनच्या गोळ्याही मान्यतेविना विकल्या जात आणि त्यांची मात्रा भरवशाची नसे. त्याच वर्षी आणखी एक प्रकरण उजेडात आले. कॅलिफोर्नियातील बेटी डाँग यांनी एका बड्या कंपनीच्या पैशाने संशोधन केले होते. त्या कंपनीची महाग गोळी व तीन प्रतिस्पर्धी गोळ्या सारख्याच गुणाच्या असल्याचा निष्कर्ष १९९० मध्येच हाती आला होता. कंपनीने तो अडवून धरला आणि तो छापून येण्यास १९९७ साल उजाडले. ब्रिटनमध्ये टी-३ च्या गोळ्यांच्या एका पाकिटाची किंमत २००९ मधील २० पौंडांवरून २०१७ मध्ये २४८ पौंडांवर नेण्यात आली; त्याबद्दल तेथील स्पर्धा आयोगाने २०२१ मध्ये १० कोटी पौंडांहून अधिक दंड ठोठावला. ग्राहक अडलेला असला की विक्रेता काय करतो, याचे हे पाठ्यपुस्तकी उदाहरण होय. केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्येच दाखवून दिले होते की, वैद्यकीय सेवेच्या बाजारात ज्ञान एका बाजूला एकवटलेले असते आणि त्यामुळे विश्वास हाच तेथील व्यवहाराचा पाया ठरतो. त्या पायाला असे तडे गेले म्हणजे लोक 'नैसर्गिक' या शब्दाचा आसरा शोधतात.

आपल्याकडे सुदैवाने किमतीचे चित्र निराळे आहे. लिव्होथायरॉक्सिन अत्यावश्यक औषधांच्या यादीत असून २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाखाली त्याची कमाल किंमत ठरते. शंभर-सव्वाशे गोळ्यांची बाटली कारकुनाच्या घरालाही परवडते.

मग बरे का वाटत नाही?

तरीही रक्ततपासणी 'नॉर्मल' येऊन बरे न वाटणारे रुग्ण आहेत. जगभर त्यांचे प्रमाण शेकडा पाच ते दहा मानले जाते. २०१३ मध्ये अमेरिकेत ७० रुग्णांना आळीपाळीने दोन्ही गोळ्या, कोणती ते न सांगता, देण्यात आल्या. लक्षणांच्या मोजमापात लक्षणीय फरक पडला नाही. परंतु जवळजवळ निम्म्या रुग्णांनी ग्रंथीची गोळी पसंत केली आणि तिच्यावर वजन सरासरी सव्वा किलोच्या आसपास उतरले. हा निष्कर्ष लपवण्याचे कारण नाही. काही थोड्या रुग्णांना टी-३ ची जोड उपयोगी पडत असेल, ही शक्यता तज्ज्ञही नाकारत नाहीत. मात्र ती जोड मोजून, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली द्यावयाची असते. आप्ताच्या बॅगेतून आलेल्या बाटलीतून नव्हे.

पण त्या शक्यतेपर्यंत पोचण्यापूर्वी आपल्या जीवनक्रमाकडे पाहावे. ही गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी आणि अर्धा ते एक तास काही खाऊपिऊ नये, असा दंडक आहे. डोंबिवलीहून सकाळची जलद गाडी पकडणाऱ्या स्त्रीला तो एक तास कोठून मिळावा? डबा भरता भरता गोळी, गोळीवर लगेच चहा, आणि चहाबरोबर डॉक्टरांनीच दिलेली लोहाची वा कॅल्शियमची गोळी, असा क्रम असंख्य घरांत चालतो. लोह व कॅल्शियम यांत चार तासांचे अंतर हवे, हे तिला कोणी सांगितलेलेच नसते. बाटली ओट्यावर, शेगडीच्या उष्ण दमट हवेत. गोळीचे द्रव्य शरीरात पुरते उतरतच नाही आणि दोष मात्र गोळीच्या 'रासायनिक'पणाला मिळतो. थकव्याची अन्य कारणे, म्हणजे रक्तक्षय, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, रजोनिवृत्ती, अपुरी झोप, ही तपासली जात नाहीत ती नाहीतच. दोन तास गाडीत उभे राहून घरी येणारीचा थकवा कोणत्याच ग्रंथीचा नसेल, हेही कोणी विचारीत नाही.

खरी टंचाई आहे ती येथे. गोळी स्वस्त आहे. महाग आहे तो वेळ. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी करणे, गोळी कशी घेता हे विचारणे, तक्रार ऐकून घेणे, यासाठी गर्दीच्या दवाखान्यात पाच मिनिटेही निघत नाहीत, आणि स्वस्त गोळीच्या विक्रीतून त्या मिनिटांचा खर्च भागत नाही. 'नैसर्गिक' गोळीची मागणी ही पुष्कळदा औषधाची मागणी नसून 'माझे ऐका' अशी मागणी असते. तिला 'अंधश्रद्धा' म्हणून धुडकावणारा डॉक्टर आणि तिच्यावर दाम चढवणारा विक्रेता, दोघेही तिचे उत्तर देत नाहीत.

उपाय खर्चिक नाहीत. प्रत्येक बाटलीबरोबर गोळी केव्हा व कशी घ्यावी याची ठळक मराठी चिठ्ठी असावी. औषध विक्रेत्याने परस्पर कंपनी बदलून गोळी देऊ नये. दिली तर तसे सांगावे. ठाणे व कल्याण-डोंबिवली महापालिकांनी आपल्या रुग्णालयांत आठवड्यातून एक दिवस केवळ या रुग्णांच्या फेरतपासणीसाठी राखावा आणि तेथे प्रशिक्षित परिचारिकेने प्रत्येकीशी दहा मिनिटे बोलावे. आणि आपण ग्राहकांनी वेष्टनावरील विशेषणापेक्षा आतील मात्रा किती भरवशाची आहे, हे विचारण्याची सवय लावून घ्यावी. निसर्गाने अफूही दिली आणि हळदही. वस्तू कोठून आली यावरून ती हितकर की अहितकर हे ठरत नाही.