कोबुर्गच्या ढालीवरील कृष्णमुख

व्हिक्टोरिया राणीचे पती प्रिन्स अल्बर्ट यांचे घराणे ज्या गावचे, त्या जर्मनीतील कोबुर्ग नगराच्या मानचिन्हात सुवर्णवर्णी ढालीवर एक काळे मस्तक आहे. आणि ते प्रथम पाहणाऱ्याचा बहुधा असा ग्रह होतो की, हे धर्मयुद्धात छाटलेल्या कोणा शत्रूचे शिर असावे, किंवा गुलामांच्या व्यापाराची ती निशाणी असावी. हे दोन्ही तर्क निराधार आहेत. इजिप्तमधील थीब्ज प्रांतात भरती झालेल्या रोमन पलटणीचा जो नायक, ख्रिस्ती धर्मबांधवांवर शस्त्र उगारण्याचा सम्राट मॅक्सिमियनचा हुकूम अमान्य करून तिसऱ्या शतकाच्या अखेरीस पलटणीसह मृत्यूला सामोरा गेला असे परंपरा सांगते, त्या संत मॉरिसचे हे मुख होय. कोबुर्गचा तो रक्षक संत. १५३० साली मार्टिन लूथरने जेथे प्रवचने केली, ते तेथील मुख्य चर्चही त्याच्याच नावाचे आहे.

मध्ययुगीन युरोपात कृष्णवर्णीयाला मानाचे स्थान असणेच अशक्य, हा समजही माग्डेबुर्गच्या कॅथीड्रलमध्ये टिकत नाही. तेथे इसवी सन १२४०च्या सुमारास घडविलेली संत मॉरिसची पाषाणमूर्ती लोखंडी कड्यांचे चिलखत ल्यालेल्या आफ्रिकी योद्ध्याची आहे, आणि तिच्या मुद्रेवरील गांभीर्य व स्वाभिमान पाहिल्यावर शिल्पकाराच्या मनातील आदराविषयी शंकेला जागा उरत नाही.

नगरचिन्हे अचल असतात, असेही मानले जाते. परंतु जर्मनीत नाझी पक्षाला सर्वप्रथम ज्या नगरसभेत, १९२९ साली, बहुमत मिळाले ती कोबुर्गचीच. आणि ज्या राजवटीचा सारा डोलारा वंशश्रेष्ठत्वावर उभा होता, तिला आफ्रिकी संत नगराच्या दर्शनी सहन होणे शक्य नसल्यामुळे, १९३४ मध्ये त्याला हटवून मुठीवर स्वस्तिक असलेली तलवार तेथे आणण्यात आली. नाझी सत्ता कोसळल्यानंतर संत मॉरिस पुन्हा आपल्या स्थानी बहाल झाला.

चिन्हाचे मूळ आदराचे आहे, एवढ्यावरून आजचे आक्षेप खोटे ठरत नाहीत. कानातील सोन्याची बाळी आणि ठळक लाल ओठ यांचा हुतात्मा सेनानीशी काही संबंध नाही; 'काळा मनुष्य असाच दिसायचा' या युरोपीय कल्पनेचा तो ठसा आहे. २०२० साली चिन्ह बदलण्याची मागणी झाली, तिच्यामागील वेदना म्हणूनच खरी मानली पाहिजे. मात्र संताला पुन्हा काढून टाकण्यापेक्षा त्याचे रेखाटन सुधारणे मला अधिक न्याय्य वाटते. माग्डेबुर्गचा नमुना त्यासाठी उपलब्ध आहेच.