उमराह, दुबईला भाड्याची गाडी घेताय? ‘फुल इन्शुरन्स’वर विसंबू नका

कारेगाव-रांजणगाव एमआयडीसी परिसरातल्या बऱ्याच कुटुंबांचं कोणी ना कोणी आखाती देशात नोकरीला आहे. त्यांना भेटायला जाताना किंवा उमराहला गेल्यावर चार-पाच जणांचं कुटुंब असेल, तर टॅक्सीपेक्षा भाड्याची गाडी स्वस्त आणि सोयीची वाटते. जेद्दाह ते मक्का साधारण 80 किलोमीटर, मक्का ते मदिना साधारण 450 किलोमीटर. रस्ते उत्तम आहेत, आपल्याकडे गाडी चालवण्याचा अनुभवही आहे. मग काउंटरवरचा माणूस ‘फुल इन्शुरन्स आहे, इथे सही करा’ म्हणतो आणि आपण सही करून मोकळे होतो. अडचण पुढे गाडी ठोकली की कळते. म्हणून सहीआधी काय वाचायचं, काय विचारायचं, ते आम्ही इथे सोप्या भाषेत मांडत आहोत.

आपल्याकडचा विमा आणि तिकडचा विमा

भारतात 1988 च्या मोटार वाहन कायद्यानुसार थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं जे नुकसान होतं, ते त्यातून भरलं जातं. सौदी आणि यूएईतही तो सक्तीचा आहे, त्यामुळे भाड्याच्या गाडीला तो असतोच. पण तुम्ही चालवत असलेल्या गाडीचं नुकसान त्यात येत नाही.

त्यासाठी ‘सीडीडब्ल्यू’ नावाचं संरक्षण असतं. गाडीला धडक बसली, तर कंपनी पूर्ण खर्च तुमच्याकडून वसूल करत नाही, एवढाच त्याचा अर्थ. एका ठरलेल्या रकमेपर्यंतचा खर्च मात्र तुमच्याच खिशातून जातो. या रकमेला ‘एक्सेस’ म्हणतात. आपल्याकडेही क्लेम करताना सक्तीची कपात असते, पण 1500 सीसीपर्यंतच्या खासगी कारला ती फक्त 1,000 रुपये असते. म्हणून आपलं तिकडे लक्ष जात नाही. भाड्याच्या गाडीचा एक्सेस यापेक्षा खूप मोठा असू शकतो. समजा, करारात 2,000 दिरहम लिहिले आहेत. दिरहम 23 रुपये धरला, तरी 46,000 रुपये झाले! बंपर चेपला तरी हा पैसा डिपॉझिटमधून, म्हणजे तुमच्या क्रेडिट कार्डावर अडवून ठेवलेल्या रकमेतून कापला जातो.

रोज थोडे जास्त पैसे भरून हा एक्सेस कमी किंवा शून्य करता येतो. त्याला ‘सुपर सीडीडब्ल्यू’ किंवा ‘झिरो एक्सेस’ म्हणतात. गाडी दोन-तीन दिवसच हवी असेल आणि रस्ते नवीन असतील, तर हे पैसे भरलेले परवडतात.

शून्य एक्सेस घेतला तरी काय सुटतं?

टायर, काच, गाडीचा खालचा भाग, हरवलेली चावी आणि चुकीचं इंधन यांचा खर्च बहुतेक करारांत वेगळा असतो. सिग्नल तोडला, गाडी वाळूत घातली किंवा परवानगीशिवाय सीमा ओलांडली, तर विमा हात वर करू शकतो. दुबईहून गाडीने ओमानला जायचं असेल, तर कंपनीची लेखी परवानगी आणि ओमानसाठीचा वेगळा विमा, दोन्ही लागतं.

सर्वात मोठा धोका: स्टिअरिंग कोणाच्या हातात?

आपल्याकडे गाडी भाऊ चालवतो, थकला की मेहुणा बसतो. तिकडे करारात ज्याचं नाव आहे, त्यानेच गाडी चालवायची. दुसऱ्याने चालवली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी समोरच्याला पैसे देऊन ती रक्कम तुमच्याकडून वसूल करू शकते. ही रक्कम छोटी नसते. अपघातात माणूस दगावला, तर दियतचा प्रश्न येतो. सौदीत अनवधानाने झालेल्या मृत्यूसाठी ती 3 लाख रियाल, तर यूएईत 2 लाख दिरहम धरली जाते. आयुष्यभराची कमाई एका चुकीत जाऊ शकते. म्हणून दुसऱ्या चालकाचं नाव पहिल्याच दिवशी करारात घाला. सौदीत नातेवाइकाची गाडी घेणार असाल, तर त्यांना ‘अबशर’वरून तुमच्या नावाने अधिकृत परवानगी देता येते का, ते आधी विचारा.

लायसन्सचं काय?

इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट इथूनच काढून न्या. ते परिवहन पोर्टलवरून किंवा आरटीओत मिळतं, सरकारी फी 1,000 रुपये आणि मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. सोबत मूळ लायसन्सही ठेवा. योग्य परवाना नसेल, तर पैसे भरलेला विमाही उपयोगी पडत नाही.

अपघात झाला तर

गाडीला साधा ओरखडा आला, तरी रिपोर्टशिवाय गाडी परत देऊ नका. दुबईत पोलीस रिपोर्ट नसेल, तर गॅरेजवाला गाडीला हात लावत नाही. सौदीत कोणाला इजा झाली नसेल, तर ‘नज्म’ कंपनीचे लोक येऊन पाहणी करतात. इजा झाली असेल, तर वाहतूक पोलीस येतात. चूक समोरच्याची असल्याचं रिपोर्टमध्ये आलं, तर सहसा एक्सेसही लागत नाही. रिपोर्ट नसेल, तर सगळा खर्च तुमच्यावर येऊ शकतो.

विमा आणि शरीयत

‘विमा घेणं जायज आहे का?’ हा प्रश्न आपल्या घरांत नेहमी येतो. आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने 1985 मध्ये जेद्दाहच्या बैठकीत व्यावसायिक विमा नाकारला आणि परस्पर सहकार्यावरच्या विम्याचा पर्याय दिला. सौदीत 2003 च्या कायद्याने विमा कंपन्यांना सहकारी पद्धतीनेच काम करावं लागतं. सक्तीचा थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर येतोच, ते आपल्या हातात नाही. पैसे भरून घेतलेल्या जादा संरक्षणाबद्दल मनात शंका असेल, तर जाण्याआधी आपल्या आलिमांना विचारून घ्या.

सही करण्याआधी हे विचारा

- एक्सेस किती? तो शून्य करायला रोजचे किती?
- डिपॉझिट किती अडवणार, किती दिवसांनी सोडणार?
- टायर, काच आणि खालचा भाग विम्यात आहे का?
- करारात चालक म्हणून कोणाकोणाची नावं आहेत?
- भारतातून घेतलेल्या प्रवास विम्यात भाड्याच्या गाडीचं नुकसान येतं का? बहुतेक वेळा तो दवाखाना आणि सामानापुरताच असतो, म्हणून पॉलिसी वाचूनच जा.

गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी, छतापासून टायरपर्यंत व्हिडिओ काढा. परत देतानाही काढा. जुना ओरखडा आपल्या नावावर लागू नये म्हणून एवढं कराच. आणि हे सगळं डोक्याला जास्त वाटत असेल, तर मक्का-मदिनेदरम्यान 2018 पासून हरमैन एक्सप्रेस धावते, तिचं तिकीट काढा. अल्लाह सर्वांचा प्रवास सुखरूप पार पाडो, आमीन.