‘सँक्शन’ची दोन तोंडे

सरकारी कचेरीत एखादा खर्च ‘सँक्शन’ झाला की कागद पुढे सरकतात आणि संबंधित मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. परंतु मे १९९८ मध्ये पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने भारतावर ‘सँक्शन्स’ लादली, तेव्हा त्याच शब्दाने अडवणूक सांगितली. परवानगी आणि शिक्षा यांना एकच शब्द कसा पुरतो?

त्याचे मूळ ‘सांकीरे’ या लॅटिन क्रियापदात आहे. पवित्र करणे, अनुल्लंघनीय ठरविणे, हा त्याचा अर्थ. संतवाचक ‘सेंट’ हा शब्दही त्याच कुळातला. सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने इ. स. ५३३ मध्ये सिद्ध झालेल्या विधिग्रंथात नगराच्या तटबंदीला या अर्थाने पवित्र म्हटले आहे. कारण तिला उपद्रव देणारास देहान्त शिक्षा होती. त्याच न्यायाने, कायद्याच्या ज्या भागात शिक्षा सांगितलेली असते त्यास ‘सांक्तिओ’ हे नाव तेथे दिले आहे.

पुढे वाटा फुटल्या. राजाने शिक्कामोर्तब केलेली आज्ञा ती ‘सँक्शन’. मुलीलाही वारसा मिळावा म्हणून सहाव्या चार्ल्सने १७१३ मध्ये काढलेली ‘प्रॅग्मॅटिक सँक्शन’ प्रसिद्धच आहे. या शिक्क्यातून मंजुरीचा अर्थ निघाला. विधिज्ञांनी मात्र दंडाचा अर्थ जपला, आणि १९३५ मध्ये अबिसिनियावर चालून गेलेल्या इटलीविरुद्ध राष्ट्रसंघाने आर्थिक निर्बंध घातले तेव्हा तो वृत्तपत्रांतून सर्वतोमुखी झाला.

या दुटप्पीपणाबद्दल इंग्रजीला हसण्याचे मराठी माणसाला कारण नाही. आपला ‘शासन’ हा शब्द पाहा. शासन म्हणजे सरकार, आणि अपराध्याला शासन करणे म्हणजे शिक्षा करणे. जुन्या राजांनी दिलेली भूमिदाने ताम्रशासनांवर कोरलेली असत, आणि त्या लेखांच्या शेवटी दान हिरावून घेणारास बहुधा शाप असे. कोकणातील शिलाहारकालीन ‘गद्धेगाळ’ तर प्रसिद्ध आहेत : वर सूर्यचंद्र, मध्ये दानाचा लेख आणि खाली दान मोडणाऱ्यासाठी गाढवाची अभद्र शिवी.

भाषांतर करणाऱ्यास मात्र कोशातील पहिला अर्थ उचलून चालत नाही. अनेकवचन दिसले तर निर्बंधाचा संशय घ्यावा. क्रियापद असेल तर त्याचे कर्म पाहावे. समितीने अधिकाऱ्याची रजा ‘सँक्शन’ केली तर ती मंजूर झाली. अधिकाऱ्यालाच ‘सँक्शन’ केले तर त्याला शिक्षा झाली.