दंडावरचा साखरमापक आणि ऊन-थंडी

मधुमेह हा आता केवळ शहरवासीयांचा रोग राहिलेला नाही; खेड्यांतील ख्रिस्ती कुटुंबांतही त्याने ठाण मांडले आहे. अलीकडे काही रुग्ण दंडावर नाण्याएवढी चकती लावून दिवसरात्र साखर पाहतात. वारंवार बोट टोचण्याचे दुःख टळते, हा उपकार लहान नव्हे. परंतु तो आकडा कसा तयार होतो हे जाणल्यावाचून त्यावर इन्सुलिनची मात्रा ठरविणे आम्हांस धोक्याचे वाटते.

ह्या विद्येचा पाया अमेरिकेतील शास्त्रज्ञ लेलंड क्लार्क ह्यांनी १९६२ साली घातला. चकतीखालचा केसासारखा तंतू त्वचेच्या आत काही मिलिमीटर शिरतो. त्यावर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचे एन्झाइम असते. पेशींभोवतीच्या द्रवातील साखरेशी त्याची क्रिया होऊन सूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. साखर अधिक तर प्रवाह अधिक.

येथेच ऊन-थंडीचा संबंध येतो. उन्हाळ्यात विरजण लवकर लागते आणि थंडीत दही पातळच राहते, हे आपल्या भगिनींना ठाऊक आहे. तसेच ह्या क्रियेचे आहे. अंग तापले की साखर तेवढीच असूनही प्रवाह वाढतो. गारठले की घटतो. म्हणून काही चकत्यांत छोटा तापमापक बसविलेला असतो. त्वचेचे तापमान पाहून यंत्र प्रवाहाचा हिशेब ठराविक तापमानावर आणते आणि मग आकडा दाखविते.

मात्र अडचण अशी की तापमापक चकतीत, म्हणजे त्वचेवर असतो आणि तंतूचे टोक त्वचेच्या आत. पहाटेच्या थंडीत वरची चकती गार पडते, आतले टोक तितके गार पडत नाही. समजा, एका अंशामागे प्रवाहात ३ टक्के फरक पडतो. टोक १ अंशाने आणि चकती ५ अंशांनी गारठली, तर यंत्र ३ टक्क्यांऐवजी १५ टक्क्यांची घट धरून आकडा वर चढवील. खरी साखर ६५ मिलिग्रॅम असताना ती ७४ दिसेल. सत्तरच्या खाली उतरलेली साखर अशी लपून राहिली, तर इशाराही मिळणार नाही. उलट भर उन्हात चकती तापली, तर ८० ची साखर ७२ च्या आसपास दिसू शकेल. हा दोष टाळण्यासाठी त्वचेजवळ एक व वर एक असे दोन तापमापक ठेवून आतल्या तापमानाचा अंदाज बांधण्याची युक्तीही शास्त्रज्ञांनी सुचविली आहे. तथापि अंदाज तो अंदाजच.

मग करावे काय? हात थरथरणे, घाम फुटणे, भोवळ येणे अशी लक्षणे असताना आकडा ठीक दिसला, तरी त्यावर विसंबू नये. उन्हात दिसलेला कमी आकडाही खोटा म्हणून सोडू नये, कारण उष्णतेने इन्सुलिन अंगात लवकर भिनते व साखर खरोखरच उतरू शकते. सावलीत बसावे, हात धुऊन कोरडे करावेत आणि बोट टोचून खात्री करावी. ते यंत्रही उन्हात किंवा गारठ्यात ठेवलेले नसावे. साखर ७० च्या खाली असेल, किंवा लक्षणे असून तपासण्याची सोय नसेल, तर तीन लहान चमचे साखर पाण्यातून द्यावी व १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. त्यास तत्काळ दवाखान्यात न्यावे.

पाचवी आज्ञा दुसऱ्याच्या जिवाप्रमाणे आपल्या जिवाचीही काळजी घ्यावयास सांगते. ज्या घरात असा रुग्ण आहे, तेथे निदान आणखी एका माणसाने एवढ्या गोष्टी शिकून घ्याव्यात, अशी आमची कळकळीची विनंती आहे. यंत्र आकडा दाखवील. परंतु रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहणे हे घरच्यांचेच काम आहे.