प्रथिन मोजणे म्हणजे नेमके काय मोजणे?

हैदराबादेत राहणाऱ्या मराठी माणसाच्या कानावर एकाच पदार्थाची तीन नावे पडतात. तेलुगूत ‘मांसकृत्तुलु’, उर्दूत ‘लहमियात’ आणि आपल्या घरात ‘प्रथिने’. (प्रयोगशाळेत अर्थातच सगळे ‘प्रोटीन’ म्हणतात.) पहिल्या दोन्ही शब्दांत मांस आहे, ‘लहम’ म्हणजे अरबीत मांस. जर्मन शब्दात अंड्याचा पांढरा बलक आहे. ‘प्रोटीन’ हे नाव बर्झेलियस या स्वीडिश रसायनज्ञाने मुल्डर या डच रसायनज्ञाला सुचवले आणि ते १८३८ साली छापले गेले. त्यामागे ‘अग्रस्थानी असलेले’ अशा अर्थाचा ग्रीक शब्द आहे. मराठी ‘प्रथिन’ शब्दात त्या ग्रीक शब्दाचा नाद आहे आणि ‘प्रथम’चा अर्थही. परिभाषेतल्या शब्दाला एवढे भाग्य क्वचितच लाभते.

पण शब्द चांगला असला की वस्तू कळल्यासारखी वाटते. माझे काम प्रथिने ओळखण्याचे आणि मोजण्याचे आहे. एकदा एका मराठी शिक्षिकेने मला विचारले, “पुस्तकात तूरडाळीत शंभर ग्रॅमला बावीस ग्रॅम प्रथिने असे लिहिले आहे. मुले विचारतात, हे बावीस ग्रॅम वेगळे काढून तराजूत घातले होते का?” प्रश्न मुलांचा असला तरी पोरकट नव्हता.

उत्तर असे, की नाही, घातले नव्हते. मोजला गेला तो नायट्रोजन, म्हणजे जुन्या पुस्तकांतला नत्र. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग या बिअरच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी १८८३ साली ही रीत बसवली. नमुना तीव्र सल्फ्युरिक आम्लात उकळायचा, त्यातल्या नायट्रोजनचे अमोनियम होते. मग द्रावण अल्कधर्मी करून अमोनिया ऊर्ध्वपातनाने वेगळा काढायचा आणि तो किती आहे ते मोजायचे. प्रथिनांच्या वजनात साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून आलेल्या आकड्याला ६.२५ ने गुणायचे. दुधासाठी हा गुणक ६.३८ धरतात. आहारतक्त्यांतले प्रथिनांचे आकडे बहुधा याच वाटेने येतात. आमच्या शहरात, तारनाक्याला, राष्ट्रीय पोषण संस्था आहे. १९१८ साली कुन्नूरला सुरू झालेले हे काम १९५८ साली हैदराबादेला आले, आणि भारतीय अन्नपदार्थांच्या घटकांचे जे तक्ते आपण उद्धृत करतो ते याच संस्थेचे.

ही रीत वाईट मुळीच नाही. तिच्यात एक गृहीत आहे, इतकेच: नमुन्यातला नायट्रोजन प्रथिनांचाच आहे. २००८ साली चीनमध्ये हे गृहीत लहान मुलांच्या जिवावर उठले. पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन मिसळले जात होते. मेलामाइन हे प्लॅस्टिक बनवण्याच्या कामी येणारे रसायन. त्याच्या वजनाचा दोन तृतीयांश भाग नायट्रोजन असतो. चाचणीत दूध ‘प्रथिनयुक्त’ ठरले. सुमारे तीन लाख मुले आजारी पडली, त्यांच्या मूत्रपिंडांत खडे झाले, आणि सहा बाळे दगावली. चाचणीने खोटा आकडा दिलाच नव्हता. नायट्रोजन तेवढा होताच. त्या आकड्याला ‘प्रथिने’ हे नाव मात्र आपण दिले होते.

प्रयोगशाळेत आम्ही रोज वापरतो ती रीत याहून सोपी. १९७६ साली ब्रॅडफर्ड यांनी सांगितलेली: कुमासी नावाचा रंग प्रथिनाला चिकटला की तपकिरीचा निळा होतो, आणि निळेपणा किती ते यंत्र सांगते. (कुमासी हे घानामधले शहर. लोकरीच्या रंगाला विलायती रंगवाल्यांनी हे नाव दिले आणि पुढे ते जीवरसायनात येऊन बसले.) इथेही एक गोम आहे. तुलनेसाठी आपण गायीच्या रक्तातले अल्ब्युमिन घेतो, आणि त्याला हा रंग इतर बऱ्याच प्रथिनांपेक्षा जास्त चिकटतो. म्हणजे ज्या मापाने मोजायचे ते मापच जरा ढिले. नव्या विद्यार्थ्याने वहीत ‘प्रथिने २ मिलिग्रॅम’ असे लिहिले की मी विचारते, कशाच्या तुलनेत?

आता एक पायरी पुढे. एकूण प्रथिने किती हे कळले, तरी कोणकोणती आहेत हे कळत नाही. तुरीचा जीनोम उलगडण्याचे काम पाटणचेरूच्या इक्रिसॅटच्या नेतृत्वाखाली झाले. तो जीनोम तुरीच्या पानात आणि दाण्यात एकच. प्रथिने मात्र निराळी. एखाद्या पेशीत किंवा ऊतीत एका वेळी असलेल्या सगळ्या प्रथिनांना मिळून १९९४ साली मार्क विल्किन्स यांनी ‘प्रोटिओम’ हा शब्द योजला. मराठीत ‘प्रथिनसंच’ म्हणता येईल, पण ‘संच’ म्हटले की ठरलेली, मोजकी वस्तू डोळ्यांपुढे येते, आणि हा तर तासातासाला बदलतो. मी ‘प्रोटिओम’च लिहिते.

तो वाचायचा कसा? ट्रिप्सिन हे विकर प्रथिनाची साखळी लायसिन आणि आर्जिनिन या दोन अमिनो आम्लांपाशी तोडते. तुकडे विद्युतभारित करून वस्तुमान वर्णपटमापक यंत्रात सोडायचे. यंत्र त्यांचे वस्तुमान मोजते, मग ते तुकडे पुन्हा फोडून त्यांच्याही तुकड्यांचे वस्तुमान मोजते. एवढे मोठे रेणू न मोडता हवेत उडवायची युक्ती साधल्याबद्दल जॉन फेन आणि कोइची तानाका यांना २००२ चे नोबेल मिळाले. पुढचे काम जुळवाजुळवीचे: जीनोमवरून काढलेल्या यादीत हे वजन कोणत्या तुकड्याचे बसते ते शोधायचे.

यात एक अडचण मराठी वाचकाला चटकन कळेल. ल्युसिन आणि आयसोल्युसिन या दोन अमिनो आम्लांचे वस्तुमान तंतोतंत सारखे असते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळत नाहीत. ‘दिन’ की ‘दीन’ हे वाचणारा संदर्भाने ठरवतो. आम्हीही तेच करतो, संदर्भ म्हणजे जीनोमची यादी.

आणि जुळणी चुकीची झाली तर? त्यासाठी यादीत मुद्दाम उलट्या क्रमाने लिहिलेली, निसर्गात नसलेली प्रथिने मिसळतात. हजेरीपटात खोटी नावे घालावीत आणि किती जण ‘हजर’ म्हणतात ते पाहावे, तसे. खोट्या नावांना जितके ‘हजर’ आले, साधारण तितकेच खऱ्या नावांवरही परस्पर ‘हजर’ आले असणार. ते प्रमाण बहुधा एक टक्क्याच्या आत ठेवतात.

तरी फसगत होते. २०१४ साली मानवी प्रोटिओमचा पहिला आराखडा प्रसिद्ध झाला; त्या कामात बंगळूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मेटिक्सचा मोठा वाटा होता. तीस प्रकारच्या नमुन्यांतून १७,२९४ जनुकांची प्रथिने दिसली, म्हणजे अंदाजे ८४ टक्के. आपल्याकडे त्याचे योग्य कौतुक झाले. मग काही संशोधकांनी एक साधी गोष्ट दाखवली: यादीत वास ओळखणारी प्रथिने आहेत, पण नाकाची ऊती तर तपासलीच नव्हती. आराखडा त्यामुळे मोडीत निघाला नाही; पुरावा किती असला म्हणजे ‘आहे’ म्हणावे, याचे नियम पुढे कडक झाले.

माझी स्वतःची फजिती यापेक्षा घरगुती आहे. डिसेंबरात एका नमुन्यात मेंढीचे केराटिन निघाले. नमुना उंदराच्या यकृताचा. दोन दिवस डोके खाजवल्यावर लक्षात आले, की मी लोकरीचा स्वेटर घालून नळ्या भरल्या होत्या.

‘आहे’पेक्षा ‘नाही’ अधिक अवघड. रक्तद्रवातल्या प्रथिनांत निम्म्याहून अधिक एकटे अल्ब्युमिन असते, आणि काही संदेशवाहक प्रथिने त्याच्या एक हजार कोटीव्या भागाइतकी. पृथ्वीवर माणसेही तेवढी नाहीत. अशा गर्दीत एखादे प्रथिन यंत्राला दिसले नाही, तर ते नव्हते असे म्हणता येत नाही. आमच्या अहवालात म्हणून ‘आढळले नाही’ असे असते. बातमीत त्याचे ‘नाही’ होते, आणि रुग्णाच्या घरी पोहोचेपर्यंत ‘काही झालेले नाही’.

त्या शिक्षिकेला मी शेवटी एवढेच सुचवले, की फळ्यावर ‘२२ ग्रॅम’च्या खाली ‘नायट्रोजनवरून’ असा एक शब्द लिहा. त्यांनी लिहिला. पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला: मुलांनी विचारले आहे, की मग पाकिटावर तसे का छापत नाहीत?